दादाचा इंच

१

"सात दिवस," घड्याळजी म्हणाला. "सात दिवस तू कुणाची खोडी काढली नाहीस, तर माझ्या दुकानातली सगळी घड्याळं एका वेळेवर आणून दाखवीन."

"म्हणजे सहा दिवस!" न्हावी मागून ओरडला, आणि पायऱ्यांवर बसलेले सगळे खिदळले.

हा विनोद बाहेरच्याला कळायचा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, कपड्याचं पहिलं दुकान उघडलं त्याच सकाळी त्याच्या टेपचं टोक दारात सापडून तुटलं. पहिला इंच गेला. नवा टेप आणायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक उभं. दादानं एकच्या आकड्यापासून मोजलं आणि लिहिताना एक वजा केला. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. झालं! तेव्हापासून नवा टेप आला की दादा आधी त्याचा पहिला इंच कात्रीनं उडवायचा. दादा गेला, दुकानं एकाची अकरा झाली, पण रीत तीच. कटिंग मास्तर मोठ्यानं बोलणार सदतीस, वहीत लिहिणारा लिहिणार छत्तीस. गल्लीला हे इतकं पाठ आहे, की इथं कुणी वय पन्नास सांगितलं तरी समोरचा एकोणपन्नासच धरतो.

"आणि ह्यानं खोडी काढलीच तर?" न्हाव्यानं विचारलं.

"तर ह्यानं वहिनीच्या दुकानाच्या काचेत पुतळा होऊन उभं राहायचं. बायकांचा कोट घालून. रविवारी, भर बाजारात, एक तास."

माझा धंदाच तो. अकरा दुकानांच्या काचांमागे पुतळे उभे करणं, त्यांना कपडे चढवणं. वय बावन्न (वजा काही नाही), डोक्यावर केस मोजकेच, आणि अंगात किडे भरपूर. ह्याच न्हाव्याच्या खुर्चीत मी एकदा पुतळा बसवून त्याच्या गालाला साबण फासून ठेवला होता. त्यानं वस्तरा लावेपर्यंत त्याला पत्ता नव्हता, वर हवापाण्याच्या गप्पाही मारून झाल्या होत्या. खोडी काढली की तिथं पुतळ्याचा एक सुटा हात ठेवून यायचं, ही माझी सही.

"मंजूर," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. पण वेळ समोरच्या बँकेच्या घड्याळाची. तुझ्या घड्याळांवर सोडलं तर मी म्हातारा होईन."

दोन दिवसही धड गेले नाहीत.

२

सोमवारी सकाळी पहिल्या दुकानाच्या माडीवर, कटिंगच्या खोलीत, वहिनींनी लोखंडी कपाट उघडलं आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. मी मागून डोकावलो.

लाल मापवही जागेवर नव्हती. तिच्या जागी पुतळ्याचा हात होता. डावा. बोटं वर करून, जणू 'राम राम' म्हणतोय.

"भाऊजी," वहिनी माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "ही वेळ आहे का?"

"वहिनी, दादाची शपथ, मी नाही."

मस्करीत मी कुणाचीही शपथ घेतो, दादाची कधी घेत नाही. हे त्यांना माहीत होतं. पण खोलीतल्या बाकीच्यांना नव्हतं.

त्या वहीत काय होतं ते सांगतो. वहिनी बारावं दुकान परदेशात काढत होत्या, समुद्रापलीकडे, एका मोठ्या बाजारसंकुलात. सगळ्यांनी वेड्यात काढलं. वहिनींचं उत्तर एकच: "आपण त्यांचे कपडे आनंदानं घालतो. आता त्यांनी आपले घालून बघावेत." पण तिकडच्या बायकांची अंगकाठी वेगळी, खांदे रुंद, कंबर आखूड, हात लांब. म्हणून आमचे कटिंग मास्तर आणि दुभाषी मुलगी तीन महिने तिकडे जाऊन राहिले आणि तीनशे बायकांची मापं घेऊन आले. ती ही लाल वही. तिच्यावरून दोनशे चाळीस कोट कापले, शिवले, गठ्ठे बांधून तयार ठेवले. शनिवारी चार वाजता तिकडची तपासनीस बाई येणार, कोट वहीशी ताडून बघणार, सोबत आणलेल्या तिकडच्या तीन बायकांच्या अंगावर चढवून बघणार. पसंत पडले तर सही. नाहीतर ती जागा एका बड्या कंपनीच्या घशात जाणार होती. कंपनी जिभल्या चाटत दारात बसलेलीच होती.

"पोलिसांना बोलवा," जावईबापू म्हणाले. हे माझ्या पुतणीचे यजमान. परदेशचा पत्रव्यवहार ह्यांच्याकडे. "आणि काका, हे हसण्यावारी न्यायचं नाही. त्या हातावर तुमची सही आहे."

"पोलीस नकोत," वहिनी म्हणाल्या. "बातमी फुटली की संपलं. पण सगळ्यांनी ऐकून ठेवा. ज्यानं वही नेली, त्याला ह्या घरात जागा नाही. मग तो कुणीही असो."

'कुणीही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेच जास्त लागलं. ह्या घराबाहेर मला दुसरं घर नाही. लग्न केलं नाही, पुतळ्यांनी नाही म्हटलं नाही एवढंच. सही माझी, चोरी दुसऱ्याची, आणि शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर मी रस्त्यावर आणि वहिनींचं बारावं दुकान पाण्यात.

कपाटाच्या चाव्या तीन. एक वहिनींकडे, एक मास्तरांकडे, एक जावईबापूंकडे. दुभाषी मुलीकडे चावी नाही, पण तिचं टेबल त्याच खोलीत, आणि मास्तर आपली चावी खुंटीला टांगून चहाला जातात. म्हणजे माणसं तीन. चौथा मी, आणि मी नव्हतो हे फक्त मलाच ठाऊक.

"शनिवारपर्यंत मला द्या," मी म्हणालो. "शोधून काढतो."

जावईबापू हसले. "कोण? तुम्ही?"

हसले नसते तर कदाचित मी एवढा पेटलो नसतो.

३

पहिला नंबर अर्थातच त्यांचा लावला.

जावईबापू आरशासमोर उभे होते, शर्टाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. कपड्यांच्या अकरा दुकानांचे जावई!

"हे असं कधीपासून?" मी विचारलं.

"ती माहेरी... म्हणजे इथंच, खाली आलीय. संध्याकाळी लावेल. मला सुई बघितली तरी घाम फुटतो, काका. तुम्ही कामाचं बोला."

"बड्या कंपनीचं पत्र तुमच्या खिशात कसं?"

मी अंधारात दगड मारला होता. पण त्यांचा हात आपोआप छातीच्या खिशावर गेला. चोराच्या मनात चांदणं.

"पत्र आलंय, हो," ते म्हणाले. "आणि मी सासूबाईंना दाखवलंयसुद्धा. तपासणीत नापास झालो तर ते जागा घेणार, आपलं नाव घेणार, आणि मला तिकडचा प्रमुख करणार. त्यात वाईट काय? काका, तिकडचा बाजार राक्षस आहे. अकरा दुकानांची बाई तिथं चिरडली जाईल."

"आणि वहिनी काय म्हणाल्या?"

जावईबापूंनी नाक मुरडलं. "म्हणाल्या, 'राक्षसाचंही माप घेता येतं, टेप लांब पाहिजे.'"

मला हसू आवरेना. पण हसता हसता मनात नोंद केली: चावी आहे, कारण आहे, आणि वही गायब झाली तर फायदा सरळ ह्यांचाच. इतका सरळ, की मला तेच खटकलं. ज्याच्या तोंडाला एवढं लोणी लागलंय ते मांजर दुसऱ्याचा पंजा ठेवून जाईल? ह्या माणसानं जन्मात एकदाही विनोद केलेला नाही. हात ठेवायचं ह्यांना सुचायचंच नाही.

खाली आलो तर जिन्याखाली कुणीतरी मुसमुसत होतं.

४

दुभाषी मुलगी. फोन कानाला, तिकडच्या भाषेत पुटपुटत होती. मला बघून फोन खाली केला. "काका, मी नाही नेली हो वही!"

"मी कुठं म्हटलं? मग रडतेस कशाला?"

"तिकडच्या मैत्रिणीशी बोलत होते. तीनशेपैकी एक ती. तिनं विचारलं, दुकान कधी उघडणार, मी कोट घ्यायला येणार आहे. काय सांगू तिला?"

वर्षभरापूर्वी आली होती ती आमच्याकडे, दुसऱ्या गावाहून. चार भाषा येतात, पण खांद्यावरच्या पिशवीचा तुटलेला पट्टा तिनं स्टेपलरनं जोडला होता. मी त्याकडे बघतोय म्हटल्यावर ओशाळली. "शिवता येत नाही मला. मास्तर रोज चिडवतात."

"वही लिहिली मात्र तूच ना?"

तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "अक्षर बघितलं असतंत तर! तीनशे पानं, एक खाडाखोड नाही. मास्तर आकडा बोलायचे, माझा पेन तोच आकडा तिथल्या तिथं उतरवायचा. मास्तर म्हणाले, असा लेखनिक चाळीस वर्षांत मिळाला नाही."

"दुसरी प्रत?"

"नाही काढली. मास्तर म्हणाले, प्रत म्हणजे चोरीला आमंत्रण."

मी तिला रुमाल दिला. खिशातून रुमालाबरोबर पुतळ्याचं एक बोट बाहेर आलं, ती किंचाळली, आणि मी घाईनं बँकेच्या घड्याळाकडे बघून म्हणालो, "ही खोडी नाही, हा अपघात आहे. साक्षीदार राहा."

५

मास्तरांकडे जायला माझे पाय वळत नव्हते. दादाच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ते मला 'धाकटे' म्हणतात.

"या, धाकटे," ते म्हणाले. डोळे लाल, जेवणाच्या डब्याशेजारी पोत्याएवढी पिशवी. "बायकोची औषधं," माझी नजर ओळखून ते म्हणाले. "शेकायच्या पिशव्या नि काय काय."

"मास्तर, कुणी नेली असेल?"

"नेली ते बरंच झालं असेल," ते म्हणाले. "वहीच नाही तर बाई कशाशी ताडून बघणार? पंधरा दिवस पुढं ढकला म्हणावं. पंधरा दिवसांत काहीही होतं."

"बाई ढकलत नाहीत. वहिनींनी विचारलं. त्या म्हणाल्या, वही नसली तर नुसते कोट बघीन."

मास्तरांच्या हातातला खडू मोडला. खडूचे तुकडे गोळा करताना त्यांच्या मधल्या बोटावर मला एक गोल वळ दिसला. शिवताना बोटात लोखंडी टोपी घालतात ना, तिचा.

त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मी गाढव, दुसरं काय.

कारण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. बाजारसंकुलानं आम्हाला सहा पुतळे पाठवले होते, खास तिकडच्या अंगाचे. कटिंगच्या खोलीतच वहिनींना मी रोज नवा देखावा करून दाखवायचो: गठ्ठ्यातून सहा कोट काढायचे, चढवायचे, पाठीमागून चिमटे मारायचे, बाह्या आतून टाचायच्या. चिमटे सगळेच मारतात. काचेतला कपडा समोरून राणी असतो आणि मागून साळिंदर. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, तुम्हाला म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी चौथ्या पुतळ्याला कोट चढवला, सवयीनं पाठीमागे हात नेला, आणि चिमटा मारायला कापडच सापडेना.

कोट बसला होता. खांद्यावर, कंबरेत, मनगटावर. जणू त्या पुतळ्याला बाळपणापासून ओळखत होता.

मी शेजारचा कोट चढवला. ढगळ. त्याच्या शेजारचा, ढगळ. पुन्हा चौथा. चपखल.

मी जमिनीवर बसलो, टेप काढला, आणि ढगळ कोटांचं जास्तीचं कापड मोजलं. खांद्याला एक इंच. कंबरेला एक इंच. बाहीला एक इंच.

चुकीचं माप इकडे अर्धा, तिकडे दोन असं जातं. सगळीकडे मोजून एकच इंच, इतकी शिस्तीतली चूक जगात फक्त एकाच घरात होऊ शकते.

६

आता माझ्याबरोबर चला, पायरी पायरीनं.

मास्तर तिकडे मोठ्यानं बोलले सदतीस. आमच्या घरात जन्मलेल्या मांजरानंसुद्धा छत्तीस लिहिलं असतं. पण लिहीत होती दुसऱ्या गावची हुशार, नेटकी मुलगी. 'मास्तर बोलायचे, माझा पेन तोच आकडा उतरवायचा.' तिला दादाचा इंच कुणी सांगितलाच नव्हता. का नाही सांगितला? कारण आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, हे काय सांगायचं असतं होय? परत आल्यावर मास्तरांनी वही उघडली, आकडे आधीच वजा झालेत असं समजून कापले. दोनशे चाळीस कोट, प्रत्येक एका इंचानं मोठा.

मग तिकडचे पुतळे आले, आणि कुणीतरी ओळखलं. आणि तेव्हापासून कुणीतरी गुपचूप एकेक कोट उसवून बरोबर करत होतं. मी गठ्ठे तपासले. आतल्या शिवणीत नवा धागा, हातानं घातलेले टाके, मोहरीएवढे. असे एकतीस कोट.

ज्यानं वही लपवली त्यालाच तपासणी लांबवायची होती, आणि ज्याला कोट दुरुस्त करायचे होते त्यालाच वेळ हवा होता. दोघं एकच. जावईबापूंना सुई बघून घाम फुटतो. दुभाषी पोरगी पट्टा स्टेपलरनं शिवते. राहिलं कोण? वीस वर्षं सुईला हात न लावलेला, आणि बोटावर ताजा वळ घेऊन फिरणारा एक म्हातारा. पोत्याएवढी पिशवी घेऊन.

पण पुरावा? वळ म्हणजे पुरावा नव्हे. तोंडावर विचारावं तर ते नाही म्हणतील, आणि नाही म्हणताना मरतील.

एकच रस्ता होता, आणि तो माझ्या ओळखीचा होता. शनिवारी सकाळी मी सहाच्या सहा पुतळ्यांवर मुद्दाम ढगळ कोट चढवले आणि मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई आल्या की आधी पुतळ्यांवरचे बघतील." दुपारी एकला सगळे जेवायला खाली गेले. मी सहावा पुतळा कपाटामागे ढकलला, त्याचा कोट घातला, त्याची टोपी नाकापर्यंत ओढली, पोट आत घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बँकेच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. पैज संपायला पाच तास बाकी. आयुष्यात पहिल्यांदा मी खोडी काढताना हसत नव्हतो.

दार वाजलं. पिशवी जमिनीवर टेकली. गठ्ठ्याची दोरी सुटली. एक कोट उतरला, गठ्ठ्यातला दुसरा चढला. दुसऱ्या पुतळ्याचा. तिसऱ्याचा. धापा टाकल्याचा आवाज. पाचव्याचा. मग दोन बोटं माझ्या कंबरेपाशी आली आणि त्यांनी सवयीनं जास्तीचं कापड चिमटीत धरायला बघितलं. जास्तीचं कापड नव्हतंच. होतं ते माझं पोट.

"गुदगुल्या होतात हो, मास्तर," मी म्हणालो.

७

मास्तर खालीच बसले. मी टोपी काढली. पिशवीतून रात्री दुरुस्त केलेले आणखी तीन कोट डोकावत होते, आणि डब्याखाली लाल पुठ्ठा.

"मी बोलत गेलो, ती लिहीत गेली," ते म्हणाले. "मला वाटलं, वजा करतेय. चाळीस वर्षं एका घरात काढली की वाटायला लागतं हो, सगळं जगच वजा करतं."

"सांगायचं होतंत."

"कुणाला? वहिनींना? तिकडे जाऊन त्यांचं नाव मी बुडवलं म्हणून? पंधरा दिवस मिळाले असते तर दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस केले असते, आणि वही आणून ठेवली असती."

"आणि माझा हात?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं नाव आलं की लोक हसतात नि सोडून देतात, धाकटे. मला काय ठाऊक, ह्या वेळी पैज लागलीय, आणि वहिनी असं बोलून बसतील. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, अजून दोन कोट करावेत."

दारात वहिनी उभ्या होत्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी वर या असं मीच सांगितलं होतं, पण त्या वक्तशीर बाई. दहा मिनिटं आधीच आल्या होत्या. सगळं ऐकलं होतं.

मास्तर उठायला लागले. वहिनींनी त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. त्याच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, जेवलात?"

"नाही."

"आधी जेवा. चार वाजायला अवकाश आहे." मग खिडकीकडे वळून, जणू समोरच्या इमारतीला सुनावतायत अशा म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं तुटक्या टेपवर अकरा दुकानं उभी केली. एका इंचाला भिऊन मी बारावं सोडणार नाही."

चार वाजता तपासनीस बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यावर एक सुरकुती हलेल तर शपथ. तिकडच्या तीन बायकांनी कोट चढवले. पुतळ्यांवरचे सहा, मग गठ्ठ्यातले दुरुस्त केलेले. एकेक कोट बसत गेला. एकीनं तर आरशासमोर गिरकी घेतली. जावईबापूंच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं कठीण. आनंद आणि दुःख दोघं एकाच खुर्चीवर बसायला धडपडत होते.

"छान," तपासनीस बाई म्हणाल्या, आणि दुभाषी मुलीनं आम्हाला सांगितलं. "आता उरलेले."

जावईबापू पुटपुटले, "सासूबाई, सगळे असेच आहेत म्हणा. सही होऊन जाऊ दे."

"तिला सांग," वहिनी मुलीला म्हणाल्या, "असे चौतीस आहेत. उरलेले दोनशे सहा एका इंचानं मोठे आहेत. चूक आमच्या घराची. माझ्या अकरा दुकानांत दुरुस्तीचे अकरा कारागीर आहेत, ते उद्यापासून इथं बसतील, दहा दिवसांत होईल. थांबायचं नसेल तर बड्या कंपनीला जागा द्या. मी शेजारच्या रस्त्यावर दुकान काढीन. पण काढीन."

'एका इंचानं' हे भाषांतर करता करता मुलगी मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांसमोर तीनशे पानं उलटली असावीत. ती पांढरीफटक पडली. मग आवाज सावरून तिनं वाक्य पुरं केलं, एक शब्द न गाळता.

तपासनीस बाईंनी खिशातून हात काढला. त्यांच्या बोटांत माझा एक चिमटा होता. पुतळ्यांच्या पायाशी पडलेला त्यांना आल्या आल्याच सापडला होता.

"मी विचारणारच होते, पुतळ्यांचे कपडे असे पाठीमागून का धरावे लागले," त्या म्हणाल्या. "दहा दिवस. अकरावा नाही." आणि पेन मागितला.

सही झाली. आणि जावईबापूंनी, ह्या माणसाला खरंच विनोद कळत नाही, नेमकं तेव्हाच विचारलं, "पण वही? वही चोरली कुणी? तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिलाय, त्याला ह्या घरात जागा नाही."

मास्तर एक पाऊल पुढे आले, तोंड उघडलं.

"मी," मी म्हणालो. "मीच लपवली. खोडी! हात होताच की, सहीसकट. तुम्ही त्या हातावरच विश्वास ठेवायला हवा होता."

"धाकटे—" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही कात्री घ्या," वहिनी म्हणाल्या. "दोनशे सहा कोट वाट बघतायत." मग माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी, ओठांत हसू, आवाज मात्र लोखंडी. "भाऊजी, मी शब्द फिरवत नाही. ह्या घरात तुम्हाला जागा नाही. सामान बांधा. तिकडच्या दुकानात पुतळे उभे करायला कुणीतरी लागेलच."

बँकेच्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं गप्प राहिलो असतो तर पैज जिंकलो असतो.

८

रविवारी भर बाजारात मी काचेत उभा राहिलो. घड्याळजीनं गल्लीभर दवंडी पिटली होती. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं होतं. बायका-पोरं, भाजीवाले, बँकेचा पहारेकरी, सगळे काचेला नाकं लावून. जावईबापू मागं उभे होते, शर्टाला नवं बटण, आणि चुकून हसत होते.

"मान वर!" घड्याळजी ओरडला. "लाज वाटू दे जरा!"

"लाज तिकडे पाठवली, आधीच्या बोटीनं!" मी काचेतून ओरडलो. मान तशीही वरच होती. गल्लीत सगळ्यांना वाटत होतं, हा खोडीपायी हरला. वाटू दे. पुढं सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही. परवा मास्तरांनीच पत्र पाठवलं, 'आता लिहा, धाकटे, नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर वाईट आहे,' म्हणून लिहितोय.

तर, मी उभा. अंगात दोनशे सहापैकी एक ढगळ कोट. माझ्या पोटाला तेवढाच एक पुरला. आणि आतलं दार उघडून मास्तर काचेत आले. गळ्यात टेप, दातात टाचण्या. हे पैजेत ठरलं नव्हतं. मास्तर माझ्यासमोर गुडघ्यावर बसले, कोटाची घडी सरळ केली, आणि कुणाला दिसणार नाही असा माझा हात दाबला. मग टेप माझ्या कंबरेभोवती फिरवला, एकच्या आकड्यापासून, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आकडा ठोकला.

"त्रेचाळीस!"

मग पहिल्या रांगेतून, कुणाच्याही आधी, दुभाषी मुलीचा आवाज आला आणि तिच्यामागोमाग अख्खी गल्ली ओरडली:

"बेचाळीस!"